दगडूच्या कागदावरची सही

बनाबाईच्या घराचं दार दिवसा कधी लागलेलं नसायचं. पिंपळीच्या अलीकडं फाट्यावरून आत वळलं, की कॅनॉलच्या कडेनं चार घरांची वस्ती लागते. त्यातलं शेवटचं घर तिचं. येणारं माणूस अंगणातूनच "हाय का कोण?" म्हणत थेट चुलीपाशी येऊन बसायचं. त्यामुळं त्या सकाळी उघड्या दाराची कडी कुणीतरी खडखड वाजवली, तेव्हा तव्यावरची भाकरी उलटता उलटता तिचा हात थांबला. कडी वाजवणारं माणूस एक तर वाट चुकलेलं असतं, नाहीतर सरकारी.

१९९७ सालचा फेब्रुवारी होता. तिचा नवरा सोपान साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. आज त्याची सुट्टी, तरी तो दिवस उगवायलाच धुतलेली टोपी घालून निघाला होता.

"येवढ्या सकाळी कुठं?"

"माळेगावला. काम हाय जरा."

चहा त्यानं अर्धाच घेतला. सव्वीस वर्षांच्या संसारात सोपाननं बशीत चहा ठेवलेला तिनं पाहिला नव्हता. ती बशी तिनं उचलली आणि न धुता तशीच चुलीच्या कडेला ठेवली.

दारात खाकी कपड्यांतले दोघं उभे होते. अंगणाबाहेर जीप. जीपमध्ये पोती, दोरी आणि लांब दांड्याचा आकडा. दोघांतला थोरला म्हणाला, "बनाबाई सोपान कोकरे तुमीच का?"

"व्हय. का वो?"

"आमी फॉरेस्टचं. मी कुंडलिक, गार्ड. तुमचा अर्ज आला हुता मावशी. अजगर न्यायला आलोय."

बनाबाईनं आधी भाकरी तव्यावरून काढली, करपू दिली नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मी कसला अर्ज केला न्हाय बाबा. घर चुकलं आसंल तुमचं."

"घरात अजगर हाय ना?"

"हाय की."

खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. दगडूला तिनं पाच वर्षांत कुणापासून लपवलेलं नव्हतं.

कोकऱ्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. नव्वद-पंच्याण्णवांचा कळप. बनाबाई लग्न होऊन आली तेव्हा पावसाळ्याचे चार महिने सोडले तर बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवरच असायचं. पुढं ऊस वाढत गेला, चरायची रानं बांधाबांधानं आत घेतली गेली, आणि ९१ साली कळप विकावा लागला. सोपानला कारखान्यात काम लागलं. घरच्या दोन एकरात ऊस उभा राहिला. सगळे म्हणाले, आता बसून सुखाचं खा. बनाबाई खातही होती. पण पहाटे जाग आली की पाय आपोआप मागच्या छपराकडं वळायचे. छपरात मेंढरांच्या जागी कडब्याच्या पेंढ्या आणि पेंडीची पोती, आणि त्यांत माजलेल्या घुशी. दारात जरा वेळ उभी राहून ती परत यायची. सकाळी उठून कुणाला तरी एकदा बघून यावं, एवढंच तिला हवं असायचं.

पुढच्याच हंगामात त्यांच्या उसाला तोड आली. तोड संपत आली की रानातली जनावरं उरलेल्या शेवटच्या तुकड्यात गोळा होतात, ससे, मुंगसं, साप, सगळी. टोळीतला एक गडी कोयता उगारून उभा होता, आणि त्याच्या पुढ्यात पाचटावर दोन हात लांबीचं अजगराचं पिलू वेटोळं घालून बसलं होतं. बनाबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं खांद्यावरचं घोंगडं त्याच्यावर टाकलं, खालून हात घातले आणि गाठोडं उचललं.

"आवं बाई, इखारी आसंल."

"आजगर हाय ही. मेंढरांमागं हिंडताना लई बघितलीत. ह्याला इख नसतं."

"मंग नेऊन काय करनार?"

"घुशी खाईल की."

घुशी त्यानं खाल्ल्या. दोन वर्षांत छपरात घूस औषधाला राहिली नाही. बनाबाईनं खिडकीला जुनी वाघर बांधली. रात्री मेंढरांभोवती लावायचं ते जाळं, आता एकट्या अजगरासाठी. कोपऱ्यात पाण्याचं घंगाळ ठेवलं आणि थंडीसाठी तेच घोंगडं. लेक शालन तेव्हा अकरावीला होती. ती म्हणाली, "दगडावानी पडून ऱ्हातंय. दगडू म्हणू ह्याला." वस्तीवर एक दगडूतात्या आधीच होता. तो काठी टेकत तक्रार घेऊन आला, "माझं नाव त्या जनावराला दिलं व्हय गं पोरी?"

"तात्या, तुमी तरी कुठं जाग्यावरनं हलताय?" शालन म्हणाली. तात्या हसला, चहा पिऊन गेला आणि पुढं पाहुण्यांना स्वतःच 'माझा जोडीदार' दाखवायला आणू लागला.

मायलेकी दोघींनी मिळून दगडूला वाढवलं. पोट भरलं की आठ-दहा दिवस त्याच्या वाटेला जायचं नाही. थंडीत तो महिना-महिना खात नाही, म्हणून घाबरायचं नाही. एकदा त्याचे डोळे दुधासारखे पांढरे झाले तेव्हा बनाबाईला वाटलं, आंधळा झाला. शालन रोज त्याच्याजवळ उकिडवी बसून बघत राहिली आणि सहाव्या दिवशी अख्खी कात घेऊन धावत आली. "आये, कात टाकायच्या आदी तसं हुतंय. तवा त्येला दिसत न्हाय, म्हणून भितंय. डोळं पांढरं झालं की हात लावायचा न्हाय." तेव्हापासून तो घरचा नियमच झाला. नागपंचमीला बाया लाह्या-दूध घेऊन यायच्या, तर बनाबाई दूध परत द्यायची. "नाग न्हाय तो. आन् दूध तर कंचाच साप पीत न्हाय. पोरांना पाजा."

साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा शालन वस्तीवरच्या बायांना शिकवायची. बनाबाई त्यात जाऊन बसायला लाजायची. मग शालननं छपराच्या भिंतीवर कोळशानं तीन नावं लिहिली, बनाबाई, शालन, दगडू, आणि दगडू घोंगड्यावर पडलेला असताना मायलेकींची शाळा भरायची. बनाबाई तीन नावं ओळखायला शिकली आणि त्यातलं एक लिहायला. तिचा 'ब' पोट सुटल्यासारखा यायचा आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ वेगळी, तुटक. पुढं शिकायचं राहिलं. ९५ च्या उन्हाळ्यात शालनचं लग्न झालं, आणि ती इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरला सासरी गेली.

हे सगळं गार्डला काय सांगायचं? बनाबाई एवढंच म्हणाली, "कागद दावा बरं."

कुंडलिकनं घडी उलगडली. शेवटी सही होती. पोट सुटलेला 'ब', डोक्यावर तुटक रेघा. कागदाच्या कोपऱ्यावर तेलकट, पिवळसर डाग होता. तो बघितल्यावर तिला तिळाचा वास आल्यासारखं झालं.

"वाचता येतं का तुमाला?" तिनं विचारलं, आणि लगेच म्हणाली, "म्हंजी, वाचून दावा म्हणते."

कुंडलिक वाचू लागला. "मी खाली सही करणार, अर्ज करते की, माझ्या घरी मागील छपरात एक अजगर असून तो मी अजाणतेपणी पाळला आहे. आता तो मोठा झाल्याने मी स्वखुशीने वनखात्याच्या ताब्यात देत आहे. तरी माझ्यावर कोणतीही कारवाई करू नये, ही विनंती. सदर अजगर शांत स्वभावाचा आहे. त्याचे डोळे पांढरे झाले असता त्यास हात लावू नये, तो घाबरतो."

"थांबा," बनाबाई म्हणाली.

कुंडलिक थांबला.

"शेवटचं परत वाचा."

त्यानं परत वाचलं. बनाबाई भिंतीला टेकली.

संक्रांतीला शालन आली होती. पाचवा महिना होता. बरोबर जावई, मानसिंग. बनाबाई तिळगुळाच्या वड्या थापत होती, तेव्हा शालननं पिशवीतून कागद काढला. रेशनकार्डातलं नाव कमी करायचा अर्ज, म्हणाली. इकडचं कमी झाल्याशिवाय सासरच्या कार्डात चढत नाही.

"आबा येऊ दे की. त्यांची घे सही."

"आबा कामावर हायत. तुला येती न्हवं सही? तूच कर."

सरकारी कागदावर सही करायची बनाबाईची ती पहिलीच वेळ. तिनं हात धुतले, पण गूळ काही बोटांवरून नीट गेला नाही. शालननं सहीची जागा बोटानं दाखवली. लेकीचं नाव आपल्या हातानं घरातून कमी करायचं म्हटल्यावर बनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं कागदाकडं धड बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिला कळलं असतं. 'शालन' ही तीन अक्षरं तिला ओळखता येत होती. नाव कमी करायच्या कागदात ज्याचं कमी करायचं त्याचं नाव तर असायलाच पाहिजे. आणि 'दगडू'ही तिला वाचता येत होतं. ते नाव अर्जात कुठंच नव्हतं. 'सदर अजगर' होतं. तेवढी काळजी शालननं घेतली होती.

"मावशी," कुंडलिक समजुतीनं म्हणाला, "अजगर पाळणं गुन्हा हाय. आमाला दुसरीकडनं कळलं आसतं तर केस झाली आसती. तुमी आपणहून कळवलं ते लई शानपणाचं केलं. आमचं सायेब म्हणलं, लोकांनी असं वागावं."

बनाबाईनं त्याच्याकडं बघितलं. चूक त्याची नव्हती. मग ती छपराकडं निघाली.

दगडू दहा फुटांचा झाला होता, मांडीएवढा जाड. वाघरीच्या जाळ्यातून ऊन आत आलं होतं, त्या उन्हाच्या पट्ट्यावर अंग टाकून पडला होता. बरोबरच्या गार्डनं आकडा पुढं केला तसा दगडूनं मान मागं घेतली आणि फुस्स केलं. पाच वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"ते लोखंड ठेवा बाजूला," बनाबाई म्हणाली. "पोतं धरा नीट. तोंड मोठं करा त्याचं."

तिनं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं आणि पोटाखालून हात घातले. पहिल्या दिवशी घातले होते तसेच. आता तो तिला एकटीला उचलवायचा नाही. दुसऱ्या गार्डनं शेपटीकडून आधार दिला. दगडूचं डोकं तिच्या मनगटावर आलं, जीभ दोन-तीनदा आतबाहेर झाली, आणि ओळखीचा हात आहे म्हटल्यावर तो सावकाश, कसलाही हिसका न देता, पोत्यात उतरत गेला. शेवटची वीतभर शेपटी आत जाईपर्यंत बनाबाईनं हात काढला नाही. कुंडलिकनं तोंड बांधलं. दगडूतात्या अंगणात येऊन उभा होता.

जीपच्या बॉनेटवर कागद पसरून कुंडलिकनं पंचनामा लिहिला. "हितं सही करा मावशी."

बनाबाईनं डावा अंगठा पुढं केला.

"अर्जावर तर सही हाय तुमची."

"अंगठाच घ्या," ती म्हणाली.

कुंडलिकनं शाईची डबी शोधली. डबी जीपमध्ये खाली पडली होती, ती सापडायला वेळ लागला. तेवढा वेळ ती अंगठा तसाच धरून उभी होती. "कुठं सोडणार?" तिनं विचारलं. तो म्हणाला, सायेब ठरवतील, पुण्याला सापांच्या बागेत नाहीतर लांब कुठंतरी जंगलात. जीप गेली. घोंगडं छपरातच राहिलं होतं.

सोपान दिवेलागणीला आला. छपराचं दार सताड उघडं दिसत होतं, तरी त्यानं कसं काय म्हणून विचारलं नाही. टोपी काढून खुंटीला लावली आणि तिथंच उभा राहिला.

"तुमाला ठावं हुतं," बनाबाई म्हणाली.

"पोरीचं पयलं बाळंतपण हाय, शालनच्या आय. तिच्या सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, सरळ सांगितलं जावयाला. त्या घरात आजगर आसंस्तोवर सून धाडनार न्हाय. पोरगी रडत हुती. म्हणली, आबा, मला आयकडंच यायचं हाय."

"मंग मला का न्हाय सांगितलं?"

"तू आयकलं नसतंस."

"आयकायला कुणी सांगितलंच न्हाय मला." तिनं ताट वाढून त्याच्यापुढं सरकवलं. "तुमी सकाळी हितं नव्हता, ते मला जास्त लागलं."

सोपान ताटाकडं बघत राहिला. चुलीच्या कडेला सकाळची बशी तशीच होती, वर साय धरलेली.

तो झोपल्यावर तिनं ट्रंकेतून रेशनकार्ड काढलं आणि दिव्याखाली धरलं. सोपानच्या नावाला तिनं कधी हात घातला नव्हता, ते तिला येत नव्हतं. खाली आपलं नाव सापडलं. त्याच्या खाली बोट नेलं. शालन. नाव तिथंच होतं, कुणी रेघही मारलेली नव्हती. खरं तर बरं वाटायला पाहिजे होतं. तिनं कार्ड परत कपड्यांच्या तळाशी ठेवून दिलं.

सातवा लागल्यावर शालन आली. मानसिंग सोडायला आला होता. दारात बनाबाईनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. शालनला मेथीची भाजी आवडते ती केली, कण्या केल्या, रात्री पायांना तेल चोळलं. कमी काही केलं नाही. द्वारकाबाई कशा आहेत, तेही विचारलं. फक्त दगडूचा विषय काढला नाही, आणि शालन येऊन तीन दिवस झाले तरी मागच्या छपराकडं गेली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बनाबाई छपर झाडून आली तर शालन चुलीपाशी बसली होती. डोळे सुजलेले.

"आये, भांड की माझ्यासंगं."

"कशापायी?"

"तसं गप नको बसू. मी काय तुझी वैरीण हाय व्हय? आत्याबाई म्हणल्या, बाळ हितंच हुईल, म्हायेरी धाडनार न्हाय. मला तितं एकलीला भ्या वाटतं. तुझ्यावर केस हुऊ नये म्हणून तुझ्या नावानं अर्ज केला. फॉरेस्टमधी इचारून आले हुते मी. डोळ्याचं बी लिव्हलं हुतं त्यात."

"ते वाचून दावलं मला गार्डनं," बनाबाई म्हणाली. "त्यावरनंच वळखलं."

शालन खाली बघू लागली. मग म्हणाली, "तुला इचारलं आसतं, तर व्हय म्हणली आसतीस?"

बनाबाईनं लाकूड चुलीत सारलं. खरं उत्तर तिलाही नक्की माहीत नव्हतं. "चार दिस रडले आसते. मंग नातू येनार म्हणून म्हणलं बी आसतं. पर मीच त्येला घेऊन गेले आसते जीपपातूर. घोंगडं दिलं आसतं संगं. तू मला ल्ह्यायला शिकवलंस शालन. दुसऱ्या कुणाच्या कागदावर अंगठा द्यायचा तर मी चार लोकांस्नी इचारून देत हुते. तुझ्या कागदावर सही केली, आन् बघितलं बी न्हाय."

शालन रडली. बनाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोटुशी लेक, रडवून चालत नाही. पाणी दिलं. पण ज्या गोष्टीची समजूत काढायची होती ती काही तिनं काढली नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर शालननं पिशवी उघडली. बराच वेळ काढू का नको असं करून तिनं एक कागद बाहेर काढला आणि आईपुढं जमिनीवर ठेवला. पेन मात्र हातातच धरलं.

"ह्यो खराच रेशनचा हाय, आये. नाव कमी करायचा. बाळाचं नाव चढवायचं तर आदी माझं तितं पायजे. आबांची घेतली आसती, पर..."

बनाबाईनं कागद उचलला. उजेडासाठी दाराकडं वळून ओळीवर बोट ठेवून ती हळूहळू खाली येत गेली. चौथ्या ओळीत बोट थांबलं. तीन अक्षरं तिथं होती. तिनं ती दोनदा बघितली. त्याच्या आजूबाजूचं सगळं मात्र तिला नुसतं काळं दिसत होतं.

तिनं कागद शालनच्या मांडीवर ठेवला आणि पेनासाठी हात पुढं केला नाही.

"माझं येवढंच मागणं हाय," ती म्हणाली. "सही घ्यायच्या आदी कागद मला सगळा वाचून दावत जा."